नवीन मॅक्झिमा क्लॅम : झालर एका बाजूने दुमडलेली, फट वासलेली. नेमकं काय बिघडलंय?

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी. मुक्काम एडिसन, न्यू जर्सी. खाऱ्या पाण्याची टाकी १४ महिन्यांची, संपसकट (खालच्या गाळण-टाकीसकट) २४० लिटर पाणी. आत मऊ प्रवाळ, झोआ आणि एक हॅमर (चुन्याच्या सांगाड्याचं, डंख मारणारं प्रवाळ). मासे म्हणजे दोन क्लाउन आणि एक रॉयल ग्रामा. शिवाय एक क्लीनर कोळंबी आणि पाच-सहा हर्मिट खेकडे.

गेल्या मंगळवारी मॅक्झिमा क्लॅम (रंगीत झालरीचा समुद्री शिंपला) आणला. क्लॅमशेतीत वाढवलेला, ६ सेंमी, निळ्यावर सोनेरी ठिपके. पिशवी अर्धा तास तरंगत ठेवली, मग उघडून दोन तास टाकीतलं पाणी थेंब-थेंब सोडलं आणि मधल्या उंचीच्या खडकावर ठेवला. पहिले दोन दिवस झालर (शिंपल्याबाहेर येणारी मांसल कडा) बऱ्यापैकी बाहेर. तिसऱ्या दिवसापासून उजवी बाजू आत दुमडलेली, डावी ठीक. पाणी आत घ्यायची फट वासल्यासारखी दिसते, संध्याकाळी जास्त. उजेड कमी पडतोय वाटून वर सरकवला, मग जास्त झाला वाटून खाली, आणि काल वाळूवर ठेवला. हात वरून नेला की मिटतो, पण सावकाश.

ज्यांच्याकडून घेतला ते म्हणतात, गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवा. बुडवू का?

प्रवाळवेडी

थांबा, बुडवू नका. आधी फोटो टाका, एक वरून आणि एक बाजूने. पांढऱ्या उजेडात काढा. निळ्या उजेडातल्या फोटोत मेलेला क्लॅमसुद्धा दागिन्यासारखा दिसतो.

आणि हे सांगा : खारटपणा, अल्क (पाण्याची क्षारता), कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट, फॉस्फेट. खारटपणा कशाने मोजता? वेव्हमेकर (प्रवाह करणारा पंप) कुठल्या बाजूला आहे? हॅमर किती लांब? टाकीत पूर्वी कधी तांब्याचं औषध पडलंय का?

तारकर्ली_कट्टा

आमच्याकडे तिसऱ्या शिजवताना जी तोंड उघडत नाही ती फेकून देतात. तुमच्याकडे तोंड मिटत नाही म्हणून धागा. जग उलटं आहे. (हलकेच घ्या.)

शिंपलेकर

@तारकर्ली_कट्टा, उलटं नाही, सुलटंच आहे. शिजवायच्या आधी बाजारात काय करता ते आठवा. वासलेली तिसरी बोटाने टिचकवायची. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर बाजूला. मॅक्झिमाची परीक्षाही हीच, फक्त टिचकीऐवजी सावली. त्याच्या झालरीच्या काठावर सुईच्या टोकाएवढे शेकडो डोळे असतात, सावली पडली की कळते. झटकन मिटला तर ताकद आहे. सावकाश मिटला तर थकलाय. मिटलाच नाही आणि पाण्याला वास यायला लागला तर लगेच बाहेर, कारण ६ सेंमीचा क्लॅमसुद्धा सडला की रात्रीत टाकीभर अमोनिया होतो.

आता 'वासणं' म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण नव्या माणसाचा घोळ इथेच होतो. क्लॅमला वरच्या बाजूला दोन वाटा असतात. एक लांबट फट, तिच्यातून पाणी आत जातं आणि आतल्या कल्ल्यांच्या पट्ट्या अंधुक दिसतात. दुसरं उभं धुराडं, त्यातून पाणी बाहेर. निरोगी क्लॅमची फट ओठ किंचित विलग केल्यासारखी असते. ती ताणून अंडाकृती झाली, आतले कल्ले स्वच्छ मोजता यायला लागले आणि झालर शिंपल्याच्या काठाच्या आत गेली, तर ते खरं वासणं. नुसती फट मोठी पण झालर बाहेर, तर बऱ्याचदा ती नव्या जागेची कुरकुर असते.

अजून एक : धुराड्यातून तपकिरी दोऱ्यासारखं किंवा गोळ्यांसारखं काही बाहेर पडलं तर घाबरू नका, ती विष्ठा आहे. ढगासारखं पांढरं सुटलं तर मात्र तो वितोय. तेव्हा पंप, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), कार्बनची गाळणी सगळं जोरात चालवायचं आणि पाणी बदलायची तयारी ठेवायची.

आणि हात लावणं बंद करा. सहा दिवसांत चार जागा म्हणजे दर वेळी त्याला खडकाला चिकटायचे दोरे नव्याने काढावे लागलेत.

खाडीपलीकडे

फोटो टाकलेत. आकडे :

तापमान २५.५. खारटपणा ३५ (हजार भागांत), रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबावरून खारटपणा दाखवणारी नळी). अल्क ८.२ डीकेएच. कॅल्शियम ३८०. मॅग्नेशियम ११७०. नायट्रेट शून्य, फॉस्फेट ०.०२. अल्कचा डोस रोज पडतो, बाकी काही घालत नाही. पाणी दर आठवड्याला २० लिटर बदलतो, साधं मीठ, जास्त अल्कवालं नाही. वेव्हमेकर उजव्या काचेवर. हॅमर २५ सेंमी दूर. तांबं कधीच नाही.

झटपट

फोटो पाहिला. ही सरळ 'पिंच्ड मॅन्टल'ची, म्हणजे झालर चिमटल्यासारखी होण्याच्या रोगाची केस आहे. एकपेशी परजीवी. आरओडीआयचं (गाळून क्षार काढलेलं) पाणी घ्या, तापमान टाकीएवढं करा, चिमूटभर खायचा सोडा घालून पीएच जुळवा, २५ ते ३० मिनिटं बुडवा, आत अडकलेले बुडबुडे हलवून काढा, परत टाकीत. उशीर केलात तर हाताचा जाईल.

शिंपलेकर

@झटपट, कृती बरोबर, वेळ चुकीची. त्या रोगात झालर नाडी ओढल्यासारखी चुण्या पडून ठिकठिकाणी आत जाते. आज इथे, दोन दिवसांनी पलीकडेही. दिवस असो की रात्र, पंप चालू असो की बंद, चुण्या तशाच राहतात. फोटोत फक्त उजवी बाजू एका सरळ रेषेत दुमडलीय, आणि वेव्हमेकर उजवीकडे आहे. मला हा प्रवाह वाटतोय.

खात्री करायला औषध लागत नाही. वेव्हमेकर २० मिनिटं बंद ठेवा आणि लांब बसून बघा. जवळ बसलात तर तुमच्या सावलीनेच मिटेल. बाजू सैल होऊन बाहेर आली तर प्रवाह. नाहीच आली तर पुढचं बोलू.

आणि थकलेल्या क्लॅमला गोड्या पाण्यात घालणं म्हणजे तापाच्या माणसाला आडाच्या पाण्याने आंघोळ. परजीवी असेल तर करायलाच लागतं, पण निदान आधी.

झटपट

वाट बघून गेलेले क्लॅम जास्त असतात, बुडवून गेलेले कमी. पण वीस मिनिटांनी काही बिघडत नाही. करा चाचणी.

हिशेबनीस

कोणी कॅल्शियम-मॅग्नेशियमकडे नीट पाहिलं का?

३५ खारटपणाच्या नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम साधारण ४१०-४२० आणि मॅग्नेशियम १२८०-१३०० असतं. इथे ३८० आणि ११७०. टाकीत एकच हॅमर, म्हणजे चुना खाणारं विशेष कोणी नाही. शिवाय कॅल्शियम खाल्लं गेलं असतं तर फक्त कॅल्शियम उतरलं असतं. मॅग्नेशियम इतक्या वेगाने उतरत नाही. दोन्ही एकाच प्रमाणात कमी, जवळजवळ आठ-नऊ टक्के. मग कमी काय आहे? मीठच कमी आहे. ३५ चे नऊ टक्के गेले की उरतात ३२.

अल्क ८.२ दिसतंय कारण ते डोसिंगने उचलून धरलंय, त्यामुळे ते साक्षीदार म्हणून बाद.

रिफ्रॅक्टोमीटर शून्यावर कशाने लावता? आरओच्या पाण्याने ना?

प्रवाळवेडी

@हिशेबनीस, साष्टांग दंडवत.

खाडीपलीकडे

हो, आरओच्याच पाण्याने. माहितीपत्रकात तसंच लिहिलं होतं. चुकतंय का?

हिशेबनीस

शून्यावर बरोबर असलेला मीटर ३५ वर बरोबर असेलच असं नाही. स्वस्तातले बरेचसे मीटर नुसत्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात, समुद्राच्या पाण्यासाठी नाही, आणि तेवढ्यानेच दीडेक अंक जास्त दिसतो. त्यात पट्टीची आखणी सदोष असेल तर आणखी फरक. स्वयंपाकाचा काटा रिकामा असताना शून्य दाखवतो म्हणून पाच किलोला बरोबर असतो का? तसंच.

३५ चं प्रमाणित द्रावण मिळतं, छोट्या बाटलीत. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या. काचेवर दोन-तीन थेंब, झाकण, बुडबुडा नको, अर्धा मिनिट थांबा, मग वाचा. जो आकडा येईल तो इथे सांगा. सांगितल्यानंतरच स्क्रू फिरवून ३५ वर आणा.

दुबईचा_गडी

एक मुद्दा सुटतोय. पिशवी उघडून दोन तास थेंब-थेंब. हे कोळंबीसाठी ठीक, पण प्रवासातून आलेल्या पिशवीसाठी वाईट. बंद पिशवीत प्राण्याच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली जातो, आणि त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्या पाण्यात क्लॅम दोन तास बसला.

बंद पिशवी तरंगवून १५-२० मिनिटांत तापमान जुळवायचं, उघडल्याबरोबर खारटपणा मोजायचा. फरक एक-दोन अंकांचा असेल तर अर्ध्या तासात उरकायचं. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

त्याहून चांगलं म्हणजे विकणाऱ्याला आधीच त्यांचा खारटपणा विचारून घ्यायचा आणि उतरवायच्या टाकीत तेवढाच ठेवायचा.

निवांत_पुणे

धागा वाचून डोळे दिपले. पुण्यात असा क्लॅम मिळतो का? किती पडेल?

प्रवाळवेडी

@निवांत_पुणे, किमतीत शिरूच नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली मॅक्झिमा आणि स्क्वामोसा या दोन्ही जाती घातल्या गेल्या. खडक बांधणारे प्रवाळही त्याच अनुसूचीत आले. म्हणजे वाघाच्या रांगेत. लक्षद्वीप आणि अंदमानात हे क्लॅम आहेत, तिथे पाण्यात उतरून बघा, हात न लावता. या धाग्यावरचे जे लोक पाळतात ते परदेशात, शेतातले, कागदपत्रांसकट. हे सगळं कुळ १९८५ पासून साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे एका देशातून दुसऱ्या देशात न्यायला परवाना लागतो. सुट्टीत येताना बॅगेत रिकामा शिंपलासुद्धा आणू नका.

पुण्यात टाकीच ठेवायची असेल तर गोड्या पाण्यातली झाडांची करा. तिचं दुखणंही पुरेसं असतं.

निवांत_पुणे

कळलं. वाघाच्या रांगेतला शिंपला, हे घरी सांगतो. वाचनखूण साठवली.

कोरडवाहू

मला नेहमी पडणारा प्रश्न. क्लॅम पाण्याबाहेर काढला की आत हवा अडकते आणि तो मरतो म्हणतात. म्हणून पाण्याखालीच पिशवीतून काढायचा आणि ढेकर द्यायला लावायचा. खरं का?

दुबईचा_गडी

मॅक्झिमा आणि त्याची भावंडजात क्रोशिया उथळ खडकांवर राहतात, मोठ्या ओहोटीला उघडेही पडतात. दोन मिनिटं हवेत राहिल्याने ते मरत नाहीत.

शिंपलेकर

मरत नाहीत, बरोबर. पण ओहोटीला उघडा पडलेला क्लॅम आधीच मिटून बसलेला असतो, तोंड वर करून, पाणी आत धरून. आपण उलटा उचलतो आणि तो अर्धवट उघडा असताना पाणी सांडतं. म्हणून पाण्याखाली हळू पुढे-मागे कलवून बुडबुडे निघू द्यायचे. एका मिनिटाचं काम. फायदा नसला तरी तोटा नाही. ढेकर शब्द मात्र आवडला.

खाडीपलीकडे

दोन गोष्टी झाल्या.

वेव्हमेकर बंद करून २० मिनिटं सोफ्यावरून पाहिलं. उजवी बाजू अर्ध्याहून जास्त बाहेर आली. चालू केल्यावर दहा मिनिटांत परत दुमडली.

दुसरं, द्रावण आजच मिळालं. मीटर ३८ दाखवतोय. पाच वेळा पाहिलं. ३८.

आणि तिसरं, आत्ता रात्री टॉर्च लावून पाहिलं तर काचेवर आणि क्लॅमच्या शिंपल्यावर पांढऱ्या गोगलगायी! दीड-दोन मिलिमीटरच्या. याच का त्या रक्तपिपासू? काढून टाकू?

हिशेबनीस

३८ म्हणजे मीटर तीन अंक जास्त दाखवतो. ३५ वाचत होतात तेव्हा पाणी ३२ होतं. खरं तर ३२ ला क्लॅम लगेच मरत नाही. पण तो ३५ मधून आला असेल तर पहिल्याच दिवशी तीन अंकांची उडी, वर पिशवीतला अमोनिया, वर चार जागा. एकेक सोसलं असतं, तिन्ही एकदम म्हटल्यावर थकणारच.

घाईने वर आणू नका. हिशेब असा : २४० लिटर गुणिले ३ ग्रॅम, म्हणजे ७२० ग्रॅम क्षार कमी आहेत. रोज उडून जाणारं पाणी किती भरता? चार लिटर धरलं तर त्याऐवजी ३५ खारटपणाचं पाणी भरा. चार लिटरमागे १४० ग्रॅम, म्हणजे रोज साधारण ०.६ अंक. पाच दिवसांत ३५. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) असेल तर त्याची नळी खाऱ्या पाण्याच्या बादलीत सोडा, पण सहाव्या दिवशी परत गोड्यावर आणायला विसरू नका. फोनवर गजर लावा. विसरलात तर पुढच्या आठवड्यात उलटा धागा काढाल.

कॅल्शियम-मॅग्नेशियमचा वेगळा डोस घेऊ नका. मीठ वर आलं की तेही आपोआप ४१५ आणि १२८०च्या आसपास येतील. अल्क मात्र मिठाबरोबर वाढेल, म्हणून हे पाच दिवस अल्कचा डोस अर्धा करा आणि रोज मोजा. ९ च्या वर जाऊ देऊ नका.

झटपट

गोगलगायी! मी म्हणत नव्हतो? पिरॅमिडेलिड. क्लॅमचं रक्त पितात. घासून काढा आणि सिक्सलाइन रास मासा आणा, तो वेचून खातो.

प्रवाळवेडी

आकार सांगा आधी. तांदळाच्या दाण्यासारख्या लांबट, टोकदार, पांढऱ्या? की मोहरीसारख्या गोल?

खाडीपलीकडे

गोल. मोहरीसारख्या. मोठी वाटते ती जेमतेम दोन मिलिमीटर.

प्रवाळवेडी

मग सोडा त्यांना. त्या शेवाळ खाणाऱ्या आहेत, काचेवर फिरताहेत हाच पुरावा. पिरॅमिडेलिड काचेवर चरायला येत नाही. ती लांबट शंकूसारखी, वेटोळी मोजता येतात, एक ते तीन मिलिमीटर. दिवसा क्लॅमच्या बुडाशी किंवा शिंपल्याच्या खवल्यांखाली लपते, आणि दिवे गेल्यावर दोन-तीन तासांनी झालरीच्या काठावर चढून सोंड खुपसते.

तरी एकदा नीट बघा, कारण शेतातल्या क्लॅमवरही येतात. पाण्याखालीच हळू कलवा आणि बुडाचं भोक तपासा, जिथून दोरे निघतात. खवल्यांच्या सांदीत पारदर्शक जेलीचे ठिपके दिसले तर ती अंडी. मऊ टूथब्रशने, टाकीतलंच पाणी घेतलेल्या भांड्यात, खवल्याखवल्याखालून घासायचं. भांड्यातलं पाणी फेकून द्यायचं. अंडी एका घासण्याने जात नाहीत, म्हणून दर चार-पाच दिवसांनी, तीन-चार आठवडे.

घासताना बुडाच्या भोकात ब्रश घालायचा नाही. हे ठळक अक्षरात वाचा.

शिंपलेकर

आणि सिक्सलाइन आणू नका. २४० लिटरच्या टाकीत तो ग्रामाचं जिणं हराम करेल. मासा हे औषध नाही, आयुष्यभराचा भाडेकरू आहे. कधी रास घ्यायचाच झाला तर पिवळा हॅलिकोरिस त्यातल्या त्यात सभ्य, पण त्याला झोपायला वाळू लागते आणि टाकीला झाकण लागतं.

@प्रवाळवेडी, बुडाच्या भोकाबद्दल आणखी. @खाडीपलीकडे, वर-खाली हलवताना ओढून काढलात का? दोरे खडकाला चिकटलेले होते का? हे फार महत्त्वाचं. दोरे ज्या ग्रंथीतून निघतात ती ओढून तुटली तर क्लॅम आठवडाभरात जातो आणि कुठलंही बुडवणं त्याला वाचवत नाही. दोरे खडकाजवळ धारदार ब्लेडने कापायचे, क्लॅमच्या बाजूला ओढायचे नाहीत. बुडाशी मांसाचा पांढरा लोंबता तुकडा दिसतोय का बघा.

खाडीपलीकडे

आत्ता पाहिलं. पांढरा तुकडा नाही, काही केसासारखे तपकिरी दोरे आहेत. लांबट गोगलगायही नाही, अंडीही नाहीत. हलवताना चिकटलेला नव्हता, नुसता ठेवलेला होता.

शिंपलेकर

मग बरंच चांगलं. आता जागा, आणि ही शेवटची.

मॅक्झिमा खडकावरचा प्राणी. वाळूवर तसाच ठेवला तर बुडाचं भोक वाळूत उघडं राहतं, किडे खालून येतात, आणि चिकटायला काही मिळत नाही. हाताच्या पंज्याएवढी सपाट खडकाची चकती किंवा चकाकी नसलेली फरशी घ्या, त्यावर ठेवा. दोनेक दिवसांत, कधी आठवड्याने, चिकटेल. पुढे कधी हलवायचं झालं तर चकतीसकट हलवायचं, ब्लेड लागणारच नाही. दोन खडकांच्या फटीत पाचरीसारखा बसवू नका. उघडायला जागा लागते, आणि झालर शिंपल्याच्या बाहेर हातभर पसरायची असते. (हातभर जास्त झालं. दोन बोटं.)

प्रवाह : वेव्हमेकर काचेकडे किंवा पृष्ठभागाकडे फिरवा. पाणी काचेवर आपटून परत आलेलं लागावं, थेट फवारा नको. झालरीची कडा संथ लाटेसारखी हलली पाहिजे, फडफडायला नको.

मेलबर्नची_काकू

उजेडाबद्दल कोणीच बोललं नाही अजून. मॅक्झिमाला आणि क्रोशियाला शेवटी २५० ते ४०० पार (शेवाळाला उपयोगी उजेडाचं माप) लागतो, डेरासा-स्क्वामोसा या जाती १५०-२०० मध्येही चालतात. पण 'शेवटी' हा शब्द अधोरेखित. दुकानातल्या मंद टाकीतून आलेला क्लॅम पहिल्या दिवशी ४०० खाली ठेवला तर झालरीत राहून त्याला अन्न देणारं शेवाळ बाहेर टाकतो आणि मधून पांढरा पडायला लागतो. आजच्या उजेडाच्या निम्म्यावर आणा आणि दर चार दिवसांनी पाच टक्के वाढवा. पार मीटर विकत घेऊ नका, रीफ क्लबांकडे किंवा दुकानात भाड्याने मिळतो.

ओळखायचं कसं? सकाळी छान उघडतो, दुपारी दिवे पूर्ण चढले की झालर आत ओढतो, संध्याकाळी परत उघडतो : उजेड जास्त. दिवसभर झालर ताणून ताणून बाजूला लोंबते, शिंपला दिव्याकडे कलतो : उजेड कमी. रात्री आत घेतो तो झोपलाय, त्याला उठवू नका.

तुमची फट संध्याकाळी जास्त वासते म्हणताय. म्हणजे दिवसभर प्रवाह खाऊन थकल्यावर. त्यामुळे मला उजेड हा मुख्य आरोपी वाटत नाही, पण जामिनावर सोडा, निर्दोष नको.

कोरडवाहू

@मेलबर्नची_काकू, आरोपी-जामीन भारी. पण खाणं? फायटो (सूक्ष्म शेवाळाचं खाद्य) घालायचं ना रोज?

मेलबर्नची_काकू

इथे दोन पंथ आहेत आणि दोन्हीकडे कट्टर लोक आहेत. माझं मत : २-३ सेंमीच्या पिल्लाला गाळून खाण्याचा आधार जास्त लागतो, तिथे फायटो द्या. ६ सेंमीचा मॅक्झिमा उजेडावर निभावतो, पण त्याच्या झालरीतल्या शेवाळाला नायट्रोजन लागतो, आणि इथे नायट्रेट शून्य आहे! हा खरा उपास. माशांना थोडं जास्त खाऊ घाला, स्किमर थोडा सैल करा, नायट्रेट ३ ते १० मध्ये येऊ द्या. फॉस्फेट ०.०३ च्या खाली घालवू नका.

दुबईचा_गडी

फायटोला विरोध नाही, पण आत्ता नको. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने बरा झाला ते कळणार नाही.

हिशेबनीस

एका वेळी एकच म्हणत आपण त्याला मीठ, प्रवाह, चकती, उजेड आणि नायट्रेट असे पाच सांगितले.

तारकर्ली_कट्टा

सहावा मी सांगतो. ओलं खोबरं, आलं-लसूण, चार कोकमं...

मेलबर्नची_काकू

@तारकर्ली_कट्टा, धाग्याबाहेर!

झटपट

आणि कोळंबीकडे लक्ष असू द्या. क्लीनर कोळंबी क्लॅमला मारत नाही, पण झालरीवर चढून चिमटे काढत बसली तर तो दिवसभर मिटमिट करतो. हर्मिट शिंपल्यावरून चालला तरी तेच. पहिले दहा दिवस क्लॅमवर पालथी जाळीदार टोपली ठेवली तरी चालते, भोकं मोठी हवीत म्हणजे उजेड-प्रवाह अडत नाही. हे तरी मान्य आहे का?

शिंपलेकर

मान्य. टोपलीची कल्पना चांगली आहे.

खाडीपलीकडे

सहा दिवसांनंतरची खबर. बुडवला नाही.

खारटपणा ३५, नव्याने लावलेल्या मीटरवर, द्रावणाने परत तपासून. कॅल्शियम ४१५, मॅग्नेशियम १२७०. अल्क ८.६. नायट्रेट २. वेव्हमेकर पुढच्या काचेकडे वळवला. क्लॅम चकतीवर, टोपली चार दिवस होती, आता काढली. काल चकतीसकट थोडं हलवून पाहिलं तर क्लॅम जागचा हलला नाही, चिकटलाय. झालर दोन्ही बाजूंनी बाहेर, उजवीचा एक कोपरा अजून जरा आखडलेला. सावली पडली की आता फटकन मिटतो, इतका की पाण्याची चूळ बाहेर उडते.

एक शंका. अल्क आता रोज ०.३ ने उतरतंय, आधी ०.१ नेच उतरायचं. क्लॅममुळे की मी मोजण्यात चुकतोय?

हिशेबनीस

अल्क रोज त्याच वेळी मोजता का? दिव्यांआधी एकदा आणि नंतर एकदा अशी तुलना धरू नका. तीन दिवस ठरलेल्या वेळी मोजा.

आणि शिंपल्याच्या वरच्या कडेला, झालर जिथून बाहेर येते तिथे भिंग लावून बघा. कागदासारखी पातळ, पांढरी शुभ्र रेघ दिसते का? ती नवीन वाढ. ती असेल तर अल्क तोच खातोय.

खाडीपलीकडे

डाव्या बाजूला आहे. उजवीकडे अजून नाही. फोटो टाकतोय, पांढऱ्या उजेडात.